जाळावरचं पिंप
लोखंड तापल्याचा वास आला की मिशिगनमधली ती बर्फाळ सकाळ आठवते. माझी शाळा नववीत सुटलेली, तरी तिथल्या सरांनी मला युनिव्हर्सिटीत घेतलं होतं, तेलाच्या पिंपातून स्टीलपॅन हे वाद्य घडवायला शिकण्यासाठी. मला घेतल्याची चूक लक्षात आली की काढून टाकतील, हा संशय रोजचाच. त्या दिवशी मी ठोकून ठोकून खोलगट केलेलं पिंप सरांनी न बोलता बाहेर नेलं आणि सरळ जाळावर ठेवलं. "माझंच का जाळतायत?" मी सोबत शिकणाऱ्या मराठी मुलीला विचारलं. "काका, रिलॅक्स! सगळ्यांचंच भाजतात, नाहीतर सूर टिकत नाही." समजूत काढत असेल, असंच वाटलं. पिंप निवल्यावर सरांनी सूर लावायची बारकी हातोडी माझ्या हातात दिली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. आता जाळ मी पेटवतो, पण नव्या पोरांना आधीच सांगतो, "हे फेकायचं नाहीये हं."