अठ्ठेचाळीस सेकंद

मोतीराम वानखडे अकोल्याच्या एका लॅबमध्ये एकतीस वर्षं लोकांचं रक्त गोठायची वाट पाहत आला आहे. आता मशीन आहे. पण शंका आली की तो अजूनही काचेची नळी कोमट पाण्यात तिरपी धरतो आणि घड्याळाकडे बघतो. तपासणीचं रसायन टाकलं की धडधाकट माणसाचं रक्त तेरा सेकंदांत धरतं. माणसांबद्दल इतक्या खात्रीनं त्याला दुसरं काही सांगता येत नाही.

त्या दिवशी पातूरचे नत्थुजी पेढे घेऊन आले. त्यांच्या पुतण्याला, किशोरला, कावीळ झाली होती. नळाच्या पाण्यात गटार मिसळलेलं. अर्धी गल्ली पिवळी पडलेली. वैद्यानं चुन्याच्या पाण्यात त्याचे हात धुऊन परातभर 'कावीळ' काढली होती, नाकात कसलासा रस पिळला होता. आणि आज एसजीपीटी, यकृताची इजा दाखवणारा रक्तातला आकडा, अडीच हजारांवरून सहाशेवर!

"घ्या मोतीरामभाऊ, उतरवली ना वैद्यानं!"

पेढ्यावर आधी माशी बसली, मग नत्थुजींची बोटं.

"पोरगा कुठी हाये?"

"बाहेर गाडीत. मस्त झोपून राह्यला. काल रातभर बरळत होता."

मोतीरामनं पेढा बाजूला ठेवला. त्याच रक्ताची दुसरी नळी त्यानं आत्ताच तीनदा तपासली होती. अठ्ठेचाळीस सेकंद. रक्त गोठवणारा माल यकृतात तयार होतो, आणि किशोरचं यकृत आता काहीच तयार करत नव्हतं. एसजीपीटी उतरलं ते रोग हटला म्हणून नव्हे. ते रक्तात सांडायला पेशीच उरल्या नव्हत्या. डॉक्टरांनी फोनवर 'ताबडतोब नागपूर' सांगितलं होतं. नत्थुजी म्हणत होते, उद्या वैद्याची शेवटची पुडी, मग पाहू.

समजावणं हा प्रकार मोतीरामनं फार पूर्वी सोडला होता. तो सरळ गाडीपाशी गेला. किशोरची आई दुर्गाबाई लेकाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. सुई टोचल्या जागचा कापूस त्यानं उचलला. खालून रक्त ओघळलं. पातळ, बिनघाईचं.

"माय, सुई सकाळी टोचली व्हती. आता चार वाजले."

दुर्गाबाईनं पाहिलं. मग दिराकडे पाहिलं.

"भाऊजी, गाडी नागपूरले घ्या."

"अवं, पण ते पुडी..."

"तुमीच खा. रसही पिळून घ्या नाकात."

मोतीरामनं नवा कापूस ठेवून त्यावर तिचा अंगठा दाबला. "मूर्तिजापूर येईन, बडनेरा येईन. सोडू नका."

नवव्या दिवशी त्यानं नागपूरच्या ओळखीच्या टेक्निशियनला फोन लावला.

"एकवीस सेकंद," तो म्हणाला. "उतरून राह्यलं."

मोतीरामनं त्या दुपारी डबा पूर्ण खाल्ला.