चौपाटीच्या विमानासाठी दोन ओळी

माझ्या मुलीच्या वर्गशिक्षिकेशी मी पाऊण तास घासाघीस केली आणि हरलो. भाव नव्हता, भाडं नव्हतं, कंत्राटाची तारीख नव्हती. जगात विमान आधी कुणी उडवलं, यावर आमची घासाघीस चालली होती. आजही ती आठवली की माझे कान गरम होतात.

आम्ही तेव्हा टोकियोत, निशी-कसाईला राहायचो. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने मला कावासाकीच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत बसवलं होतं. डिप्लोमा करून, बुधवार पेठेत जुने संगणक दुरुस्त करत मी इथवर आलो होतो, आणि जे मिळवलं ते भांडून मिळवलं होतं. मुलगी तिथल्याच सरकारी शाळेत पाचवीत होती. जपानी शाळांत उन्हाळ्याच्या सुट्टीला एक गृहपाठ असतो, त्याला जियू केनक्यू म्हणतात. विषय आपला आपण निवडायचा, शोधायचं आपणच, आणि मोठ्या कागदावर तक्ता करून सप्टेंबरात वर्गात लावायचा. बाकीची मुलं मुंग्या पाळतात, वेलींची उंची मोजतात. हिने 'माणूस उडायला कसा शिकला' हा विषय घेतला. माझ्या कामामुळे त्या वर्षी भारतात जाणं रद्द झालं होतं. "विमानात बसायला मिळालं नाही, म्हणून कागदावर काढतेय," बायको मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली.

जेवणाच्या टेबलावर तो तक्ता पसरलेला मी पाहिला. गरम हवेच्या फुग्यातून वर गेलेली मेंढी, बदक आणि कोंबडा. पंख बांधून टेकडीवरून झेपावणारा आणि शेवटी पडून मेलेला एक जर्मन. मग सायकली दुरुस्त करणारे दोघे अमेरिकन भाऊ. चित्रं सुरेख होती.

"आणि आपला माणूस?" मी विचारलं.

"आपला कोण?"

मी सांगितलं. त्या भावांच्या आठ वर्षं आधी मुंबईत, चौपाटीवर, एका मराठी माणसाने विमान उडवलं. आत माणूस नव्हता, पण उडालं. बघायला लोक जमले होते. मग त्याला मदत मिळाली नाही, इंग्रजांनी दाबलं, सांगाडा धूळ खात पडला आणि नाव दुसऱ्यांचं झालं. मला हे शाळेत चित्रकलेच्या मास्तरांनी सांगितलं होतं. घरी मामाने सांगितलं, नंतर तर प्रत्येकानेच. सांगताना माझा आवाज चढला होता. मुलीने मुकाट्याने तक्त्याच्या सगळ्यात वर लाल चौकट आखली. 'लाल कर, वर कर' असं मीच म्हणालो होतो.

ऑगस्टमध्ये एक दिवस मुलांना शाळेत जाऊन काम दाखवावं लागतं. ती परत आली तेव्हा त्या लाल चौकटीवर पिवळी चिठ्ठी होती. हे कुठल्या पुस्तकात पाहिलं, एवढंच लिहिलेलं. मुलगी म्हणाली, प्रत्येक वर्गातून एकच तक्ता वॉर्डाच्या वाचनालयातल्या प्रदर्शनात जातो, आणि या वर्षी तिचा जाणार आहे. मात्र चौकटीला आधार हवा. नाहीतर ती चौकट काढायची.

"काढायची म्हणजे?"

"शोको वा, बाबा?" ती म्हणाली. पुरावा कुठे आहे? चिडली की ती जपानीत बोलायची.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि शाळेत गेलो. दाराशी बूट काढून दिलेल्या सपाता माझ्या पायांना लहान होत्या, टाचा मागे फरशीवर. शिक्षिका तिशीतल्या होत्या. त्यांनी चहा आणला. मी म्हणालो, ही चौकट सगळ्यात वर हवी. त्यांनी दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाल्या, "मुझुकाशीइ देस ने." अवघड आहे. कावासाकीत मी हे रोज ऐकायचो. त्याचा अर्थ 'नाही' असा असतो हे मला पक्कं ठाऊक होतं. पण जागचं हललं नाही, तर कधीकधी त्या 'नाही'तून काहीतरी सुटतं, हेही मी शिकलो होतो. मी मागणीत एक पायरी खाली उतरलो. वर नको, मध्ये चालेल. हवा आत ओढली. बरं, मध्ये नको, अगदी खाली, कोपऱ्यात. पुन्हा हवा. शेवटी मी म्हणालो, दोन ओळी. फक्त दोन ओळी, त्याही पेन्सिलीने.

त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. मग म्हणाल्या, "कुठलाही कागद चालेल. त्या दिवसाचं वर्तमानपत्र, एखादं पत्र, त्यांनी काढलेलं यंत्राचं चित्र. तुमच्या भाषेत असला तरी चालेल, ती आम्हाला सांगेल. कागद आणलात तर मी तो सगळ्यात वर लावायला सांगेन."

माझा संताप झाला, कारण या बोलण्यात बोट ठेवायला कुठे जागाच नव्हती.

"आणतो. आठवडा द्या."

"दहा दिवस घ्या," त्या म्हणाल्या. आयुष्यात मी जितकं मागितलं त्याहून जास्त समोरच्याने आपणहून दिलं, असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. त्याचाही मला रागच आला.

स्टेशनजवळच्या भारतीय वाण्याकडून मी फोनकार्डं आणली आणि भारतात फोन लावत सुटलो. पहिला मामाला.

"कागद?" मामा हसला. "अरे, सूर्य उगवतो याला कागद लागतो का? त्या जपान्यांना सांग, सगळ्या जगाला माहीत आहे!"

"मामा, सगळ्या जगाला माहीत असतं तर मी फोन कशाला केला असता?"

"तू फार शहाणा झालास तिकडे जाऊन."

मग चित्रकलेचे मास्तर. ते निवृत्त होऊन सांगलीला होते. त्यांना आनंद झाला. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, पण विमान आता पूर्वीपेक्षा बरंच उंच गेलं होतं. तीन दिवसांनी फोन केला तेव्हा आणखी उंच. गर्दीत पहिल्यांदा एक महाराज होते, दुसऱ्यांदा महाराजांसोबत न्यायमूर्तीही आले. "मास्तर, तुम्ही हे कुठे वाचलंत?" मी विचारलं. "वाचलं? मला माझ्या मास्तरांनी सांगितलं." मुंबईतला एक मित्र माझ्या शिव्या खाऊन दोन दिवस ग्रंथालयात बसला. त्याने लेख पाठवले. पहिल्या लेखाचा आधार दुसरा लेख, दुसऱ्याचा तिसरा, आणि तिसऱ्यात लिहिलं होतं 'असे सांगतात'. कुणीतरी ईमेलने एका विमानाचा आराखडा पाठवला. तो मी ऑफिसातल्या एका पोराला दाखवला, तो पवईहून विमानविद्या शिकून आला होता आणि आता आमच्यासोबत बिलिंगचे प्रोग्राम लिहीत होता. त्याने कागद फिरवून फिरवून पाहिला. "सर, यापेक्षा आपला फ्रिज बरा उडेल."

मराठी मंडळाच्या गणपतीची बैठक हिगाशी-कसाईला एकाच्या घरी होती. तिथे मी विषय काढला. सगळ्यांचं रक्त एकदम उसळलं. एक बँकवाले म्हणाले, "अहो, इंग्रजांनी सगळे कागद जाळले ना!"

"कुठले कागद जाळले?"

"हेच."

"जाळले हे कुठे लिहिलंय?"

"तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?" ते म्हणाले, आणि त्या घरच्या वहिनींनी पोह्यांची बशी आमच्या दोघांच्या मध्ये सरकवली.

मी कुणाच्या बाजूने होतो? घरी येताना तोझाई लाइनच्या गाडीत मी धुमसत होतो. शंभरावर वर्षं आपण ही गोष्ट छाती फुगवून सांगतोय. पण एकाही माणसाला, त्या यंत्राचा एक खिळा कुणी जपून ठेवलाय का, हे विचारावंसं वाटलं नाही. ज्याने खरोखर काही केलं असेल, त्याच्यावर याहून मोठा अन्याय कुठल्या इंग्रजाने केला?

इकडे मुलगी वाचनालयात बसून होती. एका संध्याकाळी तिने मला पुस्तक उघडून दाखवलं. जपानचा एक सैनिक, लष्कराच्या औषधखात्यातला. जेवताना टाकलेल्या शितांवर झेपावणारे कावळे बघून त्याला कळलं की पंख न हलवताही तरंगता येतं. त्याने कावळ्याच्या आकाराचं, रबराच्या पिळावर चालणारं छोटं यंत्र उडवलं, त्या अमेरिकन भावांच्या किती तरी आधी. मग माणूस बसेल असा आराखडा करून वरच्या अधिकाऱ्याकडे अर्ज दिला. अधिकाऱ्याने नाकारला. त्याने नोकरी सोडली, औषधांच्या धंद्यात राबून पैसा साठवला, एकट्याने बांधायला घेतलं, आणि तेवढ्यात परदेशातली बातमी आली. त्याने हातातलं काम मोडून टाकलं.

"कोण होता तो अधिकारी?" मी ओरडलोच. "काय म्हणून नाकारलं?"

"युद्ध चालू होतं म्हणून. बाबा, पण याची चित्रं आहेत. अर्ज आहे. त्या अधिकाऱ्याने नंतर माफी मागितली, तेही लिहिलेलं आहे."

मी का ओरडलो ते बायकोला कळलं. त्याच जूनमध्ये कावासाकीत माझ्यासोबत तेच झालं होतं. चाचण्या आपोआप करणारा एक प्रोग्राम मी चार महिने खपून लिहिला होता. मोठ्या सादरीकरणाच्या दिवशी पडद्यावर नाव आलं ते आमच्याच, मुंबईहून आलेल्या मॅनेजरचं. मी त्याला जिन्यात गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "डॉक्युमेंट कुणी लिहिलं?" डॉक्युमेंट त्याने लिहिलं होतं. ते लिहायला आधी मलाच सांगितलं होतं, तेव्हा मी म्हणालो होतो, कारकुनी मी करत नाही. तो चोर होता, आजही आहे. पण माझ्याकडे दाखवायला एक चिटोरं नव्हतं, आणि डॉक्युमेंटचं हे मी तोवर बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

दहावा दिवस आला. माझे हात रिकामे होते. संध्याकाळी कामावरून आलो तर तक्ता पूर्ण झालेला. लाल चौकट गेली होती. तिथे कावळ्याच्या आकाराचं यंत्र होतं. मी मनाशी म्हटलं, ठीक. मग खाली पाहिलं. तक्त्याच्या शेवटी 'कळलं नाही ते' असा एक रकाना करायचा असतो. त्यात तिने जपानीत लिहिलं होतं: माझे बाबा म्हणतात की भारतात चौपाटीवर आधी विमान उडालं. बाबांनी दहा दिवस शोधलं, मीही शोधलं. कागद सापडला नाही. सापडला तर मी हा तक्ता बदलेन.

"हे खोड."

"का?"

"'बाबा म्हणतात' काय? सगळ्या वॉर्डापुढे मी बाता मारणारा झालो!"

"पण तू म्हणालास ना."

"अहो, म्हणालात की," बायको स्वयंपाकघरातून.

"मग पूर्ण काढ. चौपाटीच नको."

"मग ते खोटं होईल. मी शोधलं होतं."

खोडण्याच्या बदल्यात मी सायकल कबूल केली. गिअरची. तिने पेन्सिलीचं टोपण लावलं आणि जपानीत म्हणाली, "हे माझं संशोधन आहे." हवासुद्धा आत ओढली नाही.

प्रदर्शन रविवारी होतं. मंडळातले तिघे सहकुटुंब आले. बँकवाले तक्ता बघून बायकोला म्हणाले, "काय वहिनी, आता घरात फक्त 'बाबा म्हणतात' का?" मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मुंग्यांकडे वळले.

मग एक म्हातारे जपानी गृहस्थ आले. टोपी हातात. त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं, तो शेवटचा रकाना दोनदा. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आपण वडील का? नंतर काही सापडलं?"

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. जाळले, दाबलं, सगळ्या जगाला माहीत आहे. मुलगी शेजारी उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "सापडलं नाही."

"झान्नेन देस ने," ते म्हणाले. फार वाईट झालं. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. ते मान खाली घालून क्षणभर त्या चार ओळींसमोर थांबले, जणू कुणी गेल्याची बातमी ऐकली असावी. मग टोपी घालून गेले.

मी तिथेच उभा राहिलो आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या परक्या म्हाताऱ्यावर नाही, शिक्षिकेवरही नाही. मामा, मास्तर, मंडळ आणि मी, आमच्यापैकी एकालाही तो कागद नाही याचं आजवर कधी वाईट वाटलं नव्हतं.