खवट तेलाचा डबा

जळगावला आमच्या घरी शेंगदाणा तेलाचा पंधरा किलोचा डबा यायचा. नव्वदच्या आसपासच्या एका उन्हाळ्यात त्याचं झाकण नीट बसलं नाही आणि तळाचं दोन-अडीच किलो तेल खवट झालं. आत्याने नुसता वास घेऊन सांगितलं, हे पोटात गेलं तर बाधेल. पण तेल फेकणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. धाकट्या बहिणीच्या गालांवर पुटकुळ्या होत्या आणि भडगावची मंडळी तिला बघायला यायची होती. आत्याने त्याच तेलात हळद कालवली.

"खावाले नही चालत, तोंडले चालस."

आठवडाभर हा लेप चालला. गाल सुजून लाल झाले. मग शहाणे जमले. शेजारीण म्हणाली, रक्त बिघडलंय. काका म्हणाले, दाणे बंद करा. मामींनी लेप लावून उन्हात बसायला सांगितलं. तेल बंद करा, असं एकही शहाणा म्हणाला नाही.

शेवटी मी तिला एसटीने धुळ्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, कातडी स्वतःच तेल सोडते. हवेने, उन्हाने ते खवट झालं की छिद्रं बुजतात, सूज धरते. रक्त बिघडण्याचा प्रश्नच नाही. मग लेपाबद्दल ऐकून ते म्हणाले, "आतलं खवट तेल कमी पडलं होतं का?"

मंडळी यायच्या सकाळी आत्या पुन्हा वाटी घेऊन हजर. डॉक्टरांना काय कळतं, हे तिने आधीच ठरवलं होतं. बहिणीने वाटी बाजूला सारली.

"आत्या, तुमच्या पोटाला जे बाधतं, ते माझ्या तोंडाला कसं चालतं?"

आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, शिकवून आणलंस.

बहीण साध्या पाण्याने तोंड धुऊन बाहेर आली. मुलाच्या आईने तिला मुद्दाम खिडकीपाशी बसवलं आणि बाजारात वांगी पारखावीत तसे गाल पारखले. मग दुधाची साय चोळायचा सल्ला दिला. शेजारी बसलेल्या मुलाच्या गालांवर जुन्या पुटकुळ्यांचे खड्डे होते. त्याला उजेडात बसवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

बहिणीने शांतपणे विचारलं, "यांना लावली होती का साय?"

मंडळी पोहे अर्धे टाकून उठली. आत्याने आठवडाभर अबोला धरला, तेवढ्यात गालांची सूज उतरली. उरलेलं तेल मी मोरीत ओतलं.