पायांची ऊब

देवावर शंका घेण्याचे बळ माझ्यात कधीच नव्हते. ती शंका माझ्या कपाळाने घेतली. कार्तिकातल्या काकडआरतीला माझे यजमान गार पाण्याने न्हाऊन भिंगारच्या देवळात उभे राहत. दोन वर्षे असे होई, की कापराचा वास दाटला म्हणजे त्यांचा हात छातीशी जाई, चेहरा उगाळल्या चंदनासारखा फिकट पडे आणि ते गाभाऱ्यापुढे कोसळत. क्षणभराने डोळे उघडत. देवाने हाक मारली, म्हणत लोक त्यांच्या पाया पडत. मीही पडे. मात्र त्या पायांचा गारवा दिवसभर माझ्या कपाळावर राही.

घरीही पहाटे कळ येऊ लागली, तेव्हा नगरला डॉक्टरांकडे गेलो. अँजिओग्राफीत अडथळा सापडला नाही. हृदयाची रक्तवाहिनी मधूनच आपोआप आवळते, पहाट आणि गारठा तिला सोसत नाही, असे ते म्हणाले. गोळ्यांवर भागेल की जिवाला धोका आहे, हे जोखताना त्यांनी विचारले, कळ येते तेव्हा शुद्ध हरपते का? यजमान शांतपणे नाही म्हणाले. ते खोटे नव्हते. त्यांच्या लेखी ते शुद्ध हरपणे नव्हतेच. मीही देवळातले काही सांगितले नाही.

यजमानांना आत तपासत होते, तेव्हा मी बाहेर आले. बाकावर काष्टी गावची एक वृद्धा बसली होती, सुनेला दाखवायला आलेली. तिने विचारले म्हणून मी सारे सांगितले, काहीशा अभिमानानेच. तिने माझा हात धरला. तिच्या तळव्याला मेथीचा वास होता.

"माझा ल्योकबी असाच पडायचा, बाई. शेवटच्या येळंला पाय लई गार लागलं. तरी आमी पायाच पडत ऱ्हायलो."

मी आत गेले आणि यजमानांकडे न पाहता सगळे सांगितले. त्यांना लगेच दाखल करून घेतले. कळेसरशी हृदयाचे ठोके बिघडताना दिसले. गळ्याच्या हाडाखाली, बिघडलेले ठोके सावरणारे एक लहानसे यंत्र बसवावे लागले. त्या दिवशी डॉक्टरांना सांगून मी बाहेर आले, तेव्हा बाक रिकामा होता.

घरी परतताना ते एवढेच म्हणाले, "म्हणजे देव मला कधी भेटलाच नाही."

यंदा ते ऊन अंगणात उतरल्यावर कढत पाण्याने न्हातात. पहाटेची घंटा अंथरुणातूनच ऐकतात, आणि उशी भिजते. त्यावर माझ्याजवळ औषध नाही. कोसळण्यात तो होता, की एका आईचे दुःख माझ्याशेजारी आणून बसवण्यात, हे ठरवणे मी त्याच्यावरच सोपवले आहे. घंटा वाजली की पांघरुणाखालून मी यजमानांच्या पायांना हात लावते. ऊब लागली, की तोच हात कपाळाला लावते.