दुर्गहून दोन लोअर बर्थ

वडील गेल्यानंतरही त्यांचा फोन चालू होता. आई रोज सकाळी चहाच्या आधी तो चार्जिंगला लावायची आणि कोणी विचारलंच तर कारण अगदी व्यवहाराचं सांगायची, "ओटीपी त्याच्यावरच येते ना." आमच्या घराचा रेल्वे तिकिटांचा सगळा कारभार वडिलांच्या खात्यावर होता. पासवर्ड ते कोणाला न सांगता गेले. खात्यात शिरायला आता एकच दार उरलं होतं, त्यांच्या नंबरवर येणारा ओटीपी. ते दार आईच्या पर्समध्ये असायचं.

वडिलांनी भिलाईच्या रेल मिलमध्ये नोकरी केली. आयुष्यभर रूळ तयार केले आणि निवृत्तीनंतर त्या रुळांवरून लोकांना पाठवायला लागले. निवृत्तीच्या समारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. माणसाला वेळेवर यायची गरज संपली की घड्याळ देण्याची ही पद्धत मला कधी कळली नाही, पण वडिलांनी त्याचा उपयोग केला. ते संगणकाच्या वर लावलं. तत्काल उघडायच्या आधी ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्या घड्याळाखाली बसत. घरातल्या घरात इस्त्रीचा शर्ट कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "ढिला माणूस दिसला का वेटिंग देते ते." सेक्टर दहामधल्या आमच्या सडकेवरचं क्वचितच एखादं घर असेल, जिथलं कोणी ना कोणी वडिलांनी काढलेल्या तिकिटावर गेलं नसेल. बाळंतपणाला, परीक्षेला, अस्थी घेऊन, सगळीकडे.

त्यांची एक खास रीत होती. नागपूरला जायचं तर तिकीट आमच्या जवळच्या दुर्ग स्टेशनहून काढायचं नाही, बिलासपूरहून काढायचं. गाडी तिथून सुटते, तिथला कोटा मोठा, बर्थ हमखास मिळते. मग चार्ट लागायच्या आधी साइटवर जाऊन बसण्याचं स्टेशन बदलून दुर्ग करायचं. म्हणजे काही आठवडे आम्ही कागदोपत्री बिलासपूरहून निघणारे प्रवासी असायचो. शेजारच्या एकांनी ही युक्ती उचलली, पण स्टेशन बदलायचं विसरले. ते दुर्गला डब्यात चढले तेव्हा त्यांच्या बर्थवर दुसरंच कुटुंब पुरी-भाजी खात होतं. वडिलांना हसू आलं नाही. "अर्धं काम केलं का असंच होते," एवढंच म्हणाले.

दुसरा त्यांचा नियम रद्द करण्याबद्दल होता. बेत मोडला की त्याच दिवशी तिकीट रद्द. परतावा किती मिळतो याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. "आपण जात नाही आन् बर्थ दाबून बसलो, तं कोणी तरी दारापाशी उभं राहून जाते," असं ते लोकांना फोनवर दरडावून सांगत.

दरवर्षी अशोक विजयादशमीला ते नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे, जनरल डब्यात, बहुतेक उभ्यानं. आई बरोबर असायची. यंदा तिचे गुडघे फारच दुखायला लागले आणि ती म्हणाली, "या वर्षी बसून जाऊ." वडिलांनी बुकिंग उघडलं त्याच सकाळी, रीतीप्रमाणे बिलासपूरहून, एसीतल्या दोन लोअर बर्थ काढल्या, समोरासमोरच्या. ज्येष्ठ नागरिकांच्या कोट्यातून. दिवसभर ते सडकेवर प्रत्येकाला सांगत होते, जणू राजवाडा विकत घेतला. मग काही आठवड्यांनी, पावसाळा संपता संपता, दुपारच्या जेवणानंतर त्यांचं हृदय बंद पडलं.

आमच्याकडे तेरावं नाही, पिंड नाही, कावळ्याची वाट पाहणं नाही. त्रिशरण-पंचशील झालं. शोकसभेत एका पदाधिकाऱ्यानं वडिलांविषयी बोलायला उभं राहून स्वतःविषयी भाषण केलं, आणि लोक पांगले. बावीस प्रतिज्ञा बैठकीत फ्रेम करून लावलेल्या आहेत. श्राद्ध करणार नाही ही त्यातलीच एक. भूत वगैरे गोष्टी आमच्या घरात कधी विनोदालाही वापरल्या गेल्या नाहीत.

पण रेल्वेला हे कोणी कळवलं नव्हतं. त्यांच्या फोनवर संदेश येत राहिले. लोकांचे फोनही यायचे, दूरच्या ओळखीच्यांचे. "अंकल, दिवाली का टिकट..." आई शांतपणे ऐकून घेई आणि म्हणे, "अभी नहीं हैं." ते वाक्य खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

एका रविवारी मी विषय काढला. मी दुर्गला कॉलेजात शिकवते, मुद्देसूद बोलण्याची सवय आहे.

"आई, तू एकटी जाऊ नको, मी येते. बाबांच्या जागी माझं नाव घालता येतं. घरच्याच माणसाला देता येते बर्थ. दुर्गच्या आरक्षण खिडकीवर अर्ज द्यायचा, बस."

"त्याइचं नाव खोडून?"

"खोडून म्हणजे, बदलून."

"मंग खोडूनच ना."

"ठीक आहे, मग त्यांची बर्थ रद्द करते. तेच म्हणायचे, दाबून बसू नका म्हणून. बाबा नाहीत आता, आई."

"मले सांगून राहिली तू? मीच होती तिथं." ती तांदूळ निवडत होती. एक खडा बाजूला काढून म्हणाली, "राहू दे. त्याइनं काढली हाय, राहू दे."

मी शेवटचं हत्यार काढलं. "मेलेल्या माणसासाठी जागा ठेवायची, याला आपल्याकडे काय म्हणतात माहीत आहे ना? मग पिंड काय वाईट होता?"

आईनं ताट खाली ठेवलं. "त्याले श्राद्ध म्हणतेत. याले रिझर्वेशन म्हणतेत."

मी माझ्या खात्यावरून माझं वेगळं तिकीट काढलं. ते वेटिंगमध्ये गेलं, सरकत सरकत आरएसीवर येऊन अडकलं. म्हणजे डब्यात शिरायची परवानगी आणि एका साइड बर्थचा अर्धा तुकडा, दुसरा अर्धा कुणा अनोळख्याचा.

प्रवासाला दोन दिवस राहिले तेव्हा मला एकदम बिलासपूर आठवलं. वडिलांचं अर्धं काम बाकी होतं. स्टेशन बदललं नाही तर दोन्ही बर्थ बिलासपूरनंतरच दुसऱ्यांना जाणार, आईची आणि त्यांचीही. मी संगणकापाशी, त्या घड्याळाखाली जाऊन बसले. आई फोन हातात घेऊन मागे उभी राहिली. ओटीपी तिनं एकेक आकडा करून वाचला.

खातं उघडलं. नेहमीच्या प्रवाशांची यादी आधी समोर आली. आमची सगळी सडकच होती तिच्यात. जन्मतारखा भरलेल्या होत्या, त्यामुळे वय आपोआप वाढत होतं. कोपऱ्यावरचे काका वारल्याला बरीच वर्षं झाली होती, यादीत ते नव्वदीला टेकले होते. माझी आजी शंभरी ओलांडून गेली होती. त्यांच्यात वडील होते, आणि त्यांचा वाढदिवस मधल्या काळात येऊन गेल्यामुळे ते एक वर्षानं मोठे झाले होते. मी भूत मानत नाही. पण त्या यादीवरून बोट पुढे सरकवायला मला जरा वेळ लागला.

मग तिकीट. खाली दोन बटणं, रद्द करा आणि बसण्याचं स्टेशन बदला. "रद्द"वर गेलं की प्रवाशांची नावं येतात आणि नावापुढच्या चौकोनात खूण करायची असते. इतकं सोपं. माझं बोट माउसवर होतं आणि मागून आई वाकून पडद्याकडे पाहत होती.

"जेवढं सांगितलं तेवढंच कर," ती म्हणाली.

मी स्टेशन बदललं. बदल तिकिटावरच्या सगळ्यांना लागू होतो, त्यात एकेकट्याची सोय नाही. आईच्या हातातला फोन थरथरला. संदेशात लिहिलं होतं की आता दोन्ही प्रवासी दुर्गहून बसतील. आईनं तो दोनदा वाचला आणि समाधानानं मान हलवली.

दुर्गच्या फलाटावर त्या सकाळी सगळे पांढऱ्या कपड्यांत होते. वडीलही याच दिवशी पांढरा शर्ट घालायचे, आणि पाठीमागून पाहिलं तर साठीतला कोणताही किरकोळ बांध्याचा माणूस तेच असू शकत होता. मी पाहणं टाळलं. डब्यात आई खिडकीशी बसली. समोरची बर्थ रिकामी होती, तिच्यावर रेल्वेची घडी केलेली चादर. मी पलीकडे साइड सीटवर, आणि माझ्यासमोर बिलासपूरहून आलेल्या एक जाडजूड बाई पाय दुमडून बसलेल्या. त्याही नागपूरलाच निघाल्या होत्या.

गाडी हलली आणि टीटी हातातलं यंत्र घेऊन आला. आईचं पाहून झालं. "और ये दूसरे? सीनियर सिटीजन, पुरुष. आए नहीं?"

"नीचे उतरे होंगे," आई म्हणाली. "आ जाते हैं."

"माताजी, गाड़ी तो चल रही है."

"वो पीछे के डब्बे से चढ़ते हैं. हमेशा."

हे खरं होतं. प्रत्येक स्टेशनवर उतरून फलाटावर फिरायचं आणि सुटत्या गाडीच्या कुठल्या तरी दाराला लटकून, डबे ओलांडत परत यायचं, ही वडिलांची जन्मभराची खोड. आईनं हे वाक्य किती टीटींना ऐकवलं असेल! तिनं त्याचा काळ तेवढा बदलला नाही. टीटीनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"देख लेता हूँ आगे तक," तो म्हणाला आणि गेला.

राजनांदगावला दार उघडलं. पांढरे शर्ट मधल्या वाटेनं जायला लागले. मी पुस्तक उघडून धरलं होतं आणि एकही ओळ वाचत नव्हते. प्रत्येक शर्ट जवळ येईपर्यंत मी थांबत होते, मग चेहरा दिसायचा, दुसऱ्याच कोणाचा. आई मात्र दाराकडे पाहत नव्हती. ती समोरच्या चादरीकडे पाहत होती.

डोंगरगड गेल्यावर माझ्या शेजारणीचा धीर सुटला. "वं माय, एक आख्खी बर्थ खाली जाऊन राहिली आन् मी बिलासपूरपासून पाय दुमडून बसली! कोण येणार हाय तिथं?"

"येतेत," आई म्हणाली.

"कोण पण?"

"आमच्या घरचे."

"कवा येतीन? नागपूर आल्यावर? दुसऱ्या डब्यात चढले असतीन तं फोन लावा ना त्याइले. माह्या नवऱ्याचंबी असंच हाय, फोन लावल्याबिगर जाग्यावर येत नाही."

मला वाटलं आई हसून टाळेल. पण तिनं आपला फोन काढला, नंबर शोधावा लागला नाही, आणि कानाला लावला. क्षणभर काहीच नाही. मग तिच्या मांडीवरच्या पर्समधून घंटा वाजायला लागली.

वडिलांचे कान रेल मिलमध्ये अर्धे गेले होते, म्हणून त्यांच्या फोनचा आवाज सगळ्यात मोठा ठेवलेला असे. अख्खा कंपार्टमेंट वळून पाहायला लागला. आईनं पर्स उघडली नाही आणि आपला फोनही कानावरून काढला नाही. ती पलीकडून कोणी उचलायची वाट पाहत होती, पूर्ण घंटा वाजून संपेपर्यंत. नंतर डब्यात फक्त रुळांचा आवाज राहिला.

शेजारीण पाय खाली सोडून बसली होती. "बाई," ती हळू आवाजात म्हणाली, "माफ कर वं बाई."

"नाही नाही," आई म्हणाली. "तुमचे पाय दुखतेत ना. त्याइले हे अजिबात चालत नव्हतं."

गोंदियाला टीटी परत आला. त्यानं विचारायच्या आधीच आई बोलली. "नहीं आए. अब नहीं आएँगे. किसी को दे दीजिए." वडील गेल्यापासून हे वाक्य मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकलं, आणि ते तिनं हिंदीत, रेल्वेच्या माणसाला सांगितलं. कदाचित तोच त्याचा योग्य अधिकारी होता. त्यानं मान खाली घालून यंत्रावर बोट टेकवलं.

"आरएसी में इसी डिब्बे की एक मैडम हैं," तो म्हणाला आणि नाव वाचलं. माझं. पाठोपाठ माझ्या फोनवर संदेश आला, डब्याचा आकडा आणि वडिलांच्या बर्थचा आकडा. महिनाभर ज्या गोष्टीसाठी मी भांडले होते ती रांगेतून, नियमानं, माझ्यापर्यंत आली होती.

शेजारणीनं साइड बर्थवर पाय पसरले आणि माझी पिशवी मला उचलून दिली. मी आईसमोर जाऊन बसले. चादरीची घडी मोडवेना, म्हणून तिच्या अलीकडे, कडेला टेकले. खिडकीकडची जागा रिकामी राहिली. फलाटावरून चहावाल्याची आरोळी आली, गाडीला हिसका बसला, आणि मी पटकन दाराकडे पाहिलं.

आईनं डबा उघडून माझ्या हातात पोळी दिली. तिनं डबा दरवर्षीप्रमाणे वडील आणि ती अशा दोघांच्या हिशोबानंच भरला होता.

"काठावर काहून बसली वं?" ती म्हणाली. "तुया तं विश्वास नाही ना."

मी पोळी खाल्ली. पण नागपूर येईपर्यंत आत सरकले नाही, आणि तिनंही पुन्हा सांगितलं नाही.