बेटावरची ओटी

माझा नारळ जपानच्या विमानतळावरच काढून घेतला. घेणाऱ्या पोरानं कमरेत वाकून इतक्यांदा माफी मागितली, की भांडायची सोयच उरली नाही. ओटीचे तांदूळही गेले. पिशवीत राहिला तो हिरवा खण आणि हळदकुंकवाची डबी.

दोन हजार सालानंतरची, हिवाळ्यातली गोष्ट. माझी लेक जावयांच्या नोकरीपायी जपानातल्या एका बेटावर, जहाजं बांधणाऱ्या गावात राहत होती. तिला पाचवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. त्यात मी निरगुडसरची अंगणवाडी सेविका, गावातल्या कितीतरी पोरींच्या बाळंतपणाची काळजी वाहिलेली. माझीच लेक परमुलखात बाळंत होणार? फोनवर ती "मी न्हाई येणार" म्हणाली, म्हणून मीच तिला न्यायला निघाले. तिथल्या ग्रामदेवीची ओटी भरायची, "बाई, तुझ्या गावातनं माझी लेक घेऊन चालले, राग धरू नको" असं सांगायचं आणि पोरीला घेऊन परतायचं. विमानात सगळा वेळ मी हेच मनातले मांडे खात होते.

पण खरं सांगते, बेट दिसलं आणि कशाला आलेय तेच विसरले. बोट धक्क्याला लागायच्या आतच उठून उभी राहिले. न्यायला आलेली लेक दंडाला धरून म्हणते, "आई, खाली बस की, पडशील!" बसतंय कोण! जन्मात पाणी बघितलं ते विहिरीचं आणि घोड नदीचं. इथं चौफेर निळा समुद्र, आणि काठावर अर्धवट बांधलेली जहाजं. एकेका जहाजाच्या पोटात आमच्या गावच्या शाळेसारख्या दहा शाळा मावतील!

पुढचे दोन दिवस माझ्या पायाला भिंगरी. मासळीबाजार पालथा घातला, दीपगृहावर चढले, दोरीवर कपड्यांसारखे वाळत घातलेले मासे बघितले. डोंगराच्या उतारावर दगडी बांधांच्या ताली घालून संत्र्याच्या बागा केलेल्या. त्या ताली बघून मी थांबलेच. "आगं, हे आपल्या घोडेगावच्या वरल्या गावांनी रचलं का काय?" लेक हसत सुटली. वाटेत बायका तिला हाका मारत होत्या, पोटाकडं बघून चौकशी करत होत्या, आणि ती त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत फडाफडा बोलत होती. मला त्याचं कौतुक वाटलं आणि थोडं झोंबलंही.

तिसऱ्या दिवशी सकाळीच ती म्हणाली, "आई, आज देवळात जायचं. आजच." आजच का, ते तिनं हातचं राखून ठेवलं. वाटेत नारळाऐवजी एक मोठं संत्रं घेतलं. फळाला फळ.

आमच्या भीमाशंकराला पायऱ्या उतरून देव भेटतो, इथं चढून. लाकडी कमानीपाशी मी सवयीनं चपला काढल्या.

"आई, घाल त्या! हितं वरपतूर घालूनच जात्यात."

"देवाच्या दारात? मी न्हाई घालायची."

पाय गारठून बधिर झाले, पण हट्ट सोडला नाही. वर पोचले तर समोर बंद दारं. मूर्ती नाही, मुखवटा नाही, काहीच नाही. आता ओटी भरायची कुणाची? एवढ्या लांबून आणलेला खण हातात धरून मी रडकुंडीला आले.

तेवढ्यात देवळातली एक म्हातारी बाहेर आली. पांढऱ्या पोशाखातली, ताठ कण्याची. तिनं लेकीला ओळखलं, माझ्या अनवाणी पायांकडं बघितलं आणि आम्हाला बाजूच्या दारानं आत नेलं. आत जाताना मात्र सगळ्यांनीच जोडे काढले. मी लेकीकडं बघितलं, पण तिनं नजर चुकवली.

आत लाकडी चौरंगावर घडी केलेलं एक लांब पांढरं कापड होतं. म्हातारीनं माझ्यापुढं दोन्ही हात केले. खण आणि संत्रं घेऊन त्या कापडाशेजारी ठेवलं. ढोल वाजला, तिनं मंत्र म्हटले. लेक कानात कुजबुजली, "पाचव्या म्हयन्यात पोटाला बांधायचं कापड हितं देवाकडनं घेत्यात. ह्यांच्या पंचांगात आज कुत्र्याचा दिवस हाय. कुत्रीला बाळंतपण जड जात न्हाई ना, म्हणून."

हे मला एकदम पटलं. आमच्या दारातली कुत्री कुणाला पत्ता न लागू देता सहा सहा पिल्लं घालते.

मंत्र संपले. म्हातारीनं पांढरं कापड उचललं, त्यावर माझा खण ठेवला, खणावर संत्रं, आणि ते सगळं घेऊन ती लेकीपुढं आली. लेकीला पदर नव्हता. तिनं कोटाचा घेर पुढं धरला, आणि म्हातारीनं ते त्यात घातलं.

मी आयुष्यात किती ओट्या भरल्या असतील! पण मी देवीची ओटी भरायला आले आणि देवीनंच माझ्या लेकीची भरली, असं कधी झालं नव्हतं. मला हसूही येत होतं आणि डोळेही वाहत होते. म्हातारीनं कापड कसं गुंडाळायचं ते दाखवलं. दोन वेढे तिनं घातले, दोन मी. तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता, हे कबूल करते.

मग बाहेर येऊन त्या बंद दारांपुढं हात जोडले. पाठ केलेलं वाक्य ओठांवर होतं, पण तोंडातून भलतंच आलं. "बाई, मी चालले. हिच्याकडं बघ."

संध्याकाळी घरी फोन लावला. मालक वाटच बघत होते. "मंग? कवा येताय दोघी? पोरीची खोली झाडून ठिवलीया मी."

"मी एकलीच येतीय."

"आन् पोर?"

"पोर म्हायेरालाच हाय," मी म्हणाले.