सोयरिकीचा बर्गर

माझं लग्न शेजारच्या शेवंतामावशीनं जमवलं. तसे आई-वडिलांनी प्रयत्न केले होते, मध्यस्थानं चपला झिजवल्या होत्या, मीही जमेल तेवढी गुळगुळीत दाढी केली होती; पण ऐन वेळी धावून आली ती मावशीच. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात माझं कौतुक करावं असं काहीच नाही.

मी नववीत शाळा सोडली. (शाळेनंही फार आग्रह केला नाही.) वर्गात बसलो की माझं मन खिडकीतून निघून जायचं आणि घंटा झाली तरी परत यायचं नाही. पुढं गोव्याला एका हॉटेलात लागलो. तिथं बर्गरच्या टिक्क्या थापायचं काम माझ्याकडं आलं. डुकराचा खिमा जास्त, त्यात थोडा बोकडाचा, थोडा कोंबडीचा. मन कुठंही गेलं तरी हात थापत राहतात, म्हणून ही नोकरी टिकली.

ते दुष्काळाचं साल होतं. पाटोद्याजवळच्या आमच्या गावात टँकर कधी येणार ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं. तशात मी रजेवर आलो आणि लिंबागणेशच्या सोपानरावांची मुलगी, सुषमा, बघून आलो. चहा देताना ती एकदाच माझ्याकडं बघून हसली. तेव्हापासून माझे पाय जमिनीला लागले नव्हते.

आता सोपानराव आणि सुषमाची आत्या आमचं घर बघायला येणार होते. आमच्या गावचं दूध जायचं त्या संघाच्या केंद्रावर सोपानराव दुधातली फॅट तपासायचे. नुसतं कॅनमध्ये डोकावून "हे परत न्या" म्हणतात, अशी त्यांची ख्याती! असा माणूस मला तपासायला येणार, या विचारानं मला जेवण जाईना. त्यात त्यांचा निरोप आला, "पोरगा हाटेलात हाय म्हंता ना? मग त्याच्याच हातचं खाऊ. ते बर्गर का काय करतो, तेच करा!"

पोरींना कांदेपोहे करायला लावतात. मला बर्गर!

वडिलांनी बीडहून डुकराचं मटण आणलं. (आमच्या भावकीत त्याचं नाव काढलं की अर्धे नाक मुरडतात, अर्धे ताट पुढं करतात. सोपानराव ताटवाले निघाले.) बोकडाचा आणि कोंबडीचा खिमा मटणाच्या दुकानातल्या रहीमचाचांनी छान बारीक करून दिला. माझ्या हातातलं दुसरं पुडकं बघून मात्र ते लांबूनच हसले. "ते माझ्या ठोकळ्यावर नको बाबा. तेवढं घरी बघ. सोयरीक जमली की पेढे मात्र इथं आण." त्यांचं बरोबरच होतं. मग पाटोद्याच्या बेकरीत गेलो आणि बर्गरचा पाव मागितला.

"गोल पायजे ना? हे घे."

गोल होता. त्यात टूटीफ्रूटीही होती.

राहिला डुकराचा खिमा. घरात यंत्र नाही, म्हणून पाटा-वरवंटा घेतला.

"आई, पाटा धुतलाय ना?"

"कशानं धुऊ? तुज्या घामानं? पुसलाय चांगला फडक्यानं!"

आदल्या दिवशी त्याच पाट्यावर आईनं लाल मिरचीचा ठेचा वाटला होता. ते मला दिसत होतं. पण वरवंटा पुढं गेला, मागं आला, पुढं गेला, मागं आला, आणि माझं मन निघालं. पाटोद्याच्या स्टँडसमोर माझं बर्गर सेंटर उभं राहिलं. काचेचं दार. गल्ल्यावर सुषमा. छतावरची टाकी भरून वाहतेय आणि कुणी कुणावर ओरडत नाहीये. सुषमा हळूच म्हणाली, "अहो, त्या कोपऱ्यातल्या टेबलावर ढग येऊन बसलाय. बघा जरा काय हवंय त्याला." मी फडकं खांद्यावर टाकून गेलो. "काय घेणार?" ढग संकोचून म्हणाला, "घ्यायला नाही आलो, द्यायला आलोय..."

"आरं, खिमा इतका लाल कावून झालाय?" आईचा आवाज!

"मसाला असेल."

"मसाला तू घातलाच कुठंय आजून?"

तेवढ्यात दारातून "जयभीम!" ऐकू आलं. पाहुणे आले होते.

मी टिक्क्या भाजल्या आणि पावात घालून पुढं ठेवल्या. आत्यांनी पहिला घास घेतला.

"बाई, गोड हाय की!" (टूटीफ्रूटी.)

सोपानरावांनी मोठा घास घेतला. चावला. थांबले. त्यांची टोपी आपोआप मागं सरकल्यासारखी वाटली. कान लाल झाले, मग नाक, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. गावात त्या आठवड्यात दिसलेलं तेवढंच वाहतं पाणी!

"पानी!" ते ओरडले.

आईनं रांजण तिरका केला. पेलाभर निघालं, ते आत्यांनी पटकावलं. सोपानराव जीभ बाहेर काढून अंगणात फिरायला लागले.

"घोटभर पानी न्हाई घरात! आन् हितं पोर द्यायची व्हय मी?"

माझ्या डोळ्यांसमोर बर्गर सेंटरचं काचेचं दार बंद झालं. आतून सुषमानं कडी लावली. ढग कधीच निघून गेला होता.

शेजारच्या ओट्यावरून शेवंतामावशी सगळं बघत होती. ती घरात गेली आणि तापवून निववलेल्या दुधाचं पातेलंच उचलून घेऊन आली. "प्या पाव्हनं, प्या." सोपानरावांनी एक तांब्या रिचवला, मग दुसरा.

"हाऽऽ! लई ग्वाड दूध हाय, आक्का. कुनाचं?"

"माजंच. सकाळी तुमीच परत धाडलंत न्हवं? पानी हाय म्हनून."

आईनं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं.

"तोलून-मापून पानी मिळतंय आमाला. ते दुदात कोन घालंल?" मावशी म्हणाली. "म्हस वाळल्या कडब्यावर जगती, दूध पातळच व्हनार. पर तुमी म्हंता तर आसंल बी पानी. आत्ता पानीच पायजे हाय ना तुमाला? मग प्या की!"

सोपानरावांना तांब्या खाली ठेवता येईना आणि तोंडाला लावता येईना. शेवटी जिभेनं निर्णय घेतला. तिसरा तांब्या संपला आणि त्यांना हसू फुटलं. हसताना ठसका लागला, ठसक्यात आणखी हसू. आत्यांनी पाठीवर थापट्या मारल्या.

मावशीनं संधी सोडली नाही. "ह्ये पोरगं जरा येड्यावानी बघत बसतंय, पर मनात पाप न्हाई त्याच्या. माज्या दुदावानी ह्याला बी एका नजरंत परत धाडू नका, दादा."

सोपानरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. मला नखशिखांत पाहिलं.

"फॅट कमीच हाय," ते म्हणाले. "पर घेतला!"

आता मी पुन्हा गोव्यात आहे. सुषमा गावी आहे, खोली मिळाली की आणीन म्हणतो. संध्याकाळी काम संपलं की समुद्रासमोर बसतो. एवढं पाणी पसरलेलं आणि एक घागर रांगेत नाही! मग मन निघतं ते थेट मावशीच्या ओट्यावर जाऊन थांबतं. मावशे, तुझे उपकार मी एक दिवस फेडणार. तुला इथं आणीन, या वाळूवर खुर्ची टाकून राणीसारखी बसवीन, पाय भिजेपर्यंत समुद्र दाखवीन.

जेवण मात्र बाहेरून मागवू.